टर्बो धूर काढतोय, मॅनिफोल्ड तडकतोय: आधी तेलाची परतीची वाट बघ

प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरातल्या एका तरुणाने घरामागच्या शेडमध्ये जुन्या मारुती एस्टीमला एका डिझेल गाडीतला टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) बसवलाय. गाडी फक्त ट्रॅकवर पळवायची आहे. मॅनिफोल्ड (चारही सिलिंडरांचा धूर गोळा करून टर्बोत नेणारा पाइप), इंटरकूलरचे (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचे) पाइप, तेलाच्या लाइन, सगळं त्याने स्वतः केलंय. आता तीन तक्रारी आहेत. गाडी आयडलला उभी असताना सायलेन्सरमधून निळा धूर येतो. मॅनिफोल्ड चौथ्या सिलिंडरजवळ तिसऱ्यांदा तडकला. आणि बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) १० पीएसआयच्या आसपास आला की इंटरकूलरचा पाइप निसटतो. त्याने विचारलंय, "काका, टर्बोच खराब निघाला का? नवा घेऊ, की सगळं काम पुण्याला देऊन टाकू?"

काका म्हणालास, म्हणून अरे-तुरे करतो.

नवा टर्बो घेऊ नकोस आणि काम पुण्यालाही देऊ नकोस. तू पाठवलेले फोटो मी नीट बघितले. तुझं आर्गन वेल्डिंग बऱ्यापैकी सरळ आहे, हात चांगला आहे. चूक वेल्डिंगमध्ये नाही. पाइप म्हणजे दोन टोकं जोडणारी नळी, एवढाच विचार तू केलास. पाइप तापतो, वाढतो, हलतो, आतल्या द्रवाला वजन असतं, हवेला जोर असतो. हे मी गाड्यांवर शिकलो नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरींच्या डाइंग हाउसला स्टीम लाइन टाकण्यात माझी पहिली पंधरा वर्षं गेली. स्टीमच्या पाइपाला उतार चुकला की आत साचलेलं पाणी घणासारखं आपटतं, आणि वाढीला जागा ठेवली नाही की लाइन भिंतीतून क्लँप उपटते. तुझ्या गाडीत नेमक्या याच दोन गोष्टी झाल्यात.

धुरापासून सुरुवात करू, कारण उद्या आग लागली तर याच बाजूने लागेल.

टर्बोच्या शाफ्टला इंजिनाच्या क्रँकसारखं रबरी ऑइल सील नसतं, तिथल्या उष्णतेत रबर टिकणारच नाही. तिथे पिस्टन रिंगसारख्या बारीक धातूच्या रिंगा असतात. त्या तेल अडवतात ते दोन गोष्टींच्या भरवशावर: बाहेरच्या बाजूने असलेला हवेचा-धुराचा दाब, आणि मधल्या बॉडीतलं तेल ताबडतोब खाली निघून जाणं. तेल आत दाबाने जातं, पण बाहेर पडतं ते फक्त स्वतःच्या वजनाने. शिवाय शाफ्ट त्याला घुसळतो, म्हणून ते ताकावरच्या फेसासारखं हवा मिसळून बाहेर येतं आणि आत जाताना लागली त्यापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतं. बाहेरची वाट अरुंद असली की तेल बॉडीत तुंबतं, रिंगा ओलांडतं आणि टर्बाइनच्या (धुराने फिरणाऱ्या चाकाच्या) बाजूला जाऊन जळतं. आयडलला टर्बाइन बाजूचा दाब अगदी कमी असतो, म्हणून धूर तिथेच जास्त दिसतो. रेस केल्यावर कमी होतो, असं तूच लिहिलंयस. बेअरिंग झिजून सील खरंच गेलं असतं तर शाफ्टला हाताने हलवल्यावर चाक हाउसिंगला टेकलं असतं. तुझं टेकत नाही. टर्बो ठीक आहे.

फोटोत परतीची लाइन १२ मिलिमीटरच्या हीटर होजची दिसते. ती आधी खाली जाते, ब्रॅकेटच्या खालून वळते आणि पुन्हा वर चढून सम्पमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीत) शिरते. वळणावर जो पोटासारखा झोल पडलाय, तिथे तेल कायम साचून राहणार, सिंकखालच्या ट्रॅपमध्ये पाणी राहतं तसं. दुसरी चूक म्हणजे सम्पमधलं तोंड तेलाच्या पातळीखाली आहे. बाहेर पडणाऱ्या फेसाला आधी आतल्या तेलाला ढकलावं लागतं, आणि ढकलायला त्याच्याकडे जोर नाही.

करायचं ते असं. आतून किमान १६, शक्यतो १९ मिलिमीटरचा पाइप घे. टर्बोच्या खालच्या फ्लँजपासून सम्पपर्यंत एकही ठिकाण आडवं नको, चढ तर नकोच. टर्बोची मधली बॉडी अशी फिरवून बसव की तेलाचं बाहेरचं भोक सरळ खाली येईल. उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा जास्त कलू देऊ नकोस. सम्पमधलं तोंड तेलाच्या वरच्या खुणेच्याही वर ठेव आणि क्रँक जिथे तेल उडवतो त्या झोतासमोर आणू नकोस. मोजायला इंचपट्टी लागत नाही: सम्प लाव, तेल भर, डिपस्टिकची वरची खूण बाहेरून पत्र्यावर मार्करने ओढ, त्याच्या वर बोटभर जागा सोडून भोक घे. टर्बो इतका खाली बसलाय की उतारच मिळत नाही, असं निघालं तर टर्बो वर उचल. तेल खेचणारा वेगळा पंप लावता येतो, पण तो बंद पडला की टर्बो गेला. उतार कधी बंद पडत नाही.

सम्पला नळीचं तोंड वेल्ड करताना एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. सम्प काढून, गरम पाण्यात कॉस्टिक किंवा साध्या साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून मगच आर्गन लाव. स्प्रेच्या डब्यातल्या ब्रेक क्लीनरने पुसून वेल्डिंग करू नकोस. क्लोरीन असलेला क्लीनर आर्कच्या प्रकाशात आणि उष्णतेत फॉस्जीन तयार करतो. तो विषारी वायू आहे, आणि थोडासाही फुप्फुसं निकामी करतो. जस्ताचा मुलामा असलेला जीआय पाइपही वापरू नकोस. जस्ताचा पांढरा धूर गेला की रात्री थंडी-ताप भरतो. आमच्या शॉपमध्ये नवीन पोराला मशीन दाखवायच्या आधी या दोन गोष्टी सांगतात.

एवढं करूनही धूर राहिला तर क्रँककेसचा (क्रँक फिरतो त्या इंजिनाच्या खालच्या पोकळीचा) दाब बघ. बूस्टमध्ये रिंगांमधून खाली उतरणारी हवा वाढते, आणि मूळ पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधली हवा इनटेककडे सोडणारा) उलटा बंद झाला नाही तर बूस्टच क्रँककेसमध्ये शिरतो. खाली दाब वाढला की परतीचं तेल वरच अडतं, पाइप कितीही मोठा असो. इनटेककडे जाणाऱ्या पीसीव्हीच्या नळीत एक चांगला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाक आणि व्हॉल्व्ह कव्हरवरून जाड नळी काढून कॅच कॅनमध्ये (तेल अडवणाऱ्या डब्यात) सोड. कॅन घरी पत्र्याचा बनव, आत स्टीलची घासणी भर म्हणजे तेल अडकेल, खाली नळ ठेव.

आता आत जाणारी लाइन. तू तांब्याची नळी वापरलीयस. ती आजच काढ. मीही एकदा ती लावली होती. दहा-बारा वर्षांपूर्वी कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर आमची गाडी चौथ्या लॅपला होती. थरथरीने तांबं कडक होत जातं आणि फ्लेअरच्या (नळीच्या पसरवलेल्या टोकाच्या) मागे गोल चीर पडते. तीच पडली. दाबाखालचं तेल लाल झालेल्या टर्बाइन हाउसिंगवर फवारलं गेलं आणि बॉनेटच्या फटीतून ज्वाळा आल्या. चालवणारा मुलगा वेळेवर बाहेर आला. ती नळी मी माझ्या हाताने वाकवली होती, आणि तो दिवस अजून माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून तुला इतक्या तळमळीने सांगतोय.

त्या जागी टेफ्लॉनची आतली नळी आणि वरून स्टेनलेसची जाळी असलेला होज लाव. ट्रॅक्टर-जेसीबीच्या होजच्या दुकानात क्रिंप करून मिळतो, पण मागताना आर-१४ माग. नुसतं "हायड्रॉलिक पाइप" म्हणालास तर रबराचा देतील. त्याला दाबाची चिंता नाही, पण शंभर अंशांच्या पुढे रबर कडक होऊन फुटतं. जुना स्लीव्ह बेअरिंगचा टर्बो असेल तर चार-पाच मिलिमीटर आतला व्यास पुरतो. बॉल बेअरिंगचा असेल तर तेल जास्त होतं, तिथे साधारण एक मिलिमीटर भोकाचा रिस्ट्रिक्टर लागतो.

चुड्यांची म्हणजे आट्यांची गडबड इथेच होते. जपानी घराण्याच्या बहुतेक इंजिनांत ऑइल प्रेशर स्विचची जागा १/८ बीएसपीटी (ब्रिटिश मापाची) असते. बाजारात मिळणारी बरीच ॲडॉप्टर १/८ एनपीटी (अमेरिकन मापाची) असतात. एकाला इंचात २८ चुड्या, दुसऱ्याला २७. एकाचा कोन ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. दोन-तीन फेरे छान बसतं, मग जाम होतं, माणूस पाना मारतो, आणि ब्लॉक तडकतो किंवा गळतं. थ्रेड गेज स्वस्तात मिळतो, आधी तो लाव. आणि तेलाच्या कोणत्याही चुडीला पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळू नकोस. तिचा धागा तुटून आत गेला की टर्बोचं तेलाचं भोक बुजतं. द्रव सीलंट लाव, तोही पहिल्या दोन चुड्या सोडून. बँजो बोल्टचे (आतून तेल जाणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर पुन्हा वापरायचे असतील तर लाल तापवून पाण्यात टाक, मऊ होतात.

मॅनिफोल्डकडे येऊ. तू दीड मिलिमीटर जाडीचा फर्निचर पाइप वापरलास आणि तडा गेला की वरून वेल्ड भरलास. जिथे भरलास तिथून एक सूत सरकून पुन्हा तडा गेला. तो तसाच जाणार.

हिशोब बघ. तुझा मॅनिफोल्ड साधारण ३०० मिलिमीटर लांब आहे. ट्रॅकवर पाइप ७०० अंशांनी तापला तर साधं लोखंड जवळजवळ ३ मिलिमीटर वाढतं, ३०४ स्टेनलेस जवळजवळ ४. समोरचा हेड ॲल्युमिनियमचा आहे, पण त्याला पाणी थंड ठेवतं. तो अर्धा मिलिमीटरच वाढतो. उरलेली वाढ कुठे जाईल? बोल्ट घट्ट, फ्लँज अखंड, म्हणून ती टोकाच्या वेल्डमध्ये जाते. पहिला नाहीतर चौथा सिलिंडर. त्यात तू टर्बोचं पूर्ण वजन त्याच टोकाला लटकवलंयस, आणि ट्रॅकवरचा प्रत्येक धक्का ते वजन हलवतं.

स्टीम लाइनमध्ये आम्ही अशी वाढ इंग्रजी यू अक्षरासारखा लूप टाकून खेळवतो. मॅनिफोल्डमध्ये लूपला जागा नसते, म्हणून तीन गोष्टी कर. फ्लँज १२ मिलिमीटर जाड घे, पण वेल्डिंग आणि फेसिंग झाल्यावर दोन सिलिंडरांच्या मधे करवतीने आरपार कापून चार तुकडे कर. टोकाची भोकं लांबट कर म्हणजे बोल्टभोवती सरकायला जागा राहील. आणि टर्बोला खालून एक आधार दे: दोन्ही टोकांना रॉड-एंड असलेली सळई, जी टर्बोपासून इंजिनच्या ब्लॉकवर येते. गाडीच्या बॉडीला बांधू नकोस. इंजिन माउंटवर डोलतं, बॉडी डोलत नाही, आणि मग तो आधारच मॅनिफोल्ड तोडतो. टर्बोनंतरच्या डाउनपाइपमध्येही एक लवचीक बेलो टाक, नाहीतर मागच्या सायलेन्सरचं ओझं पुन्हा टर्बोवर येतं.

मटेरियलबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही, तरी सांगतो. घरी पहिल्यांदा बनवणाऱ्याने स्टेनलेसच्या मागे लागू नये. सव्वा इंची शेड्यूल ४० चा (शेड्यूल म्हणजे भिंतीच्या जाडीचा नंबर) सीमलेस स्टीम पाइप घे, बाहेरून ४२.२ मिलिमीटर, भिंत ३.५६. बट-वेल्डचे लाँग रेडियस एल्बो आणि रेड्यूसर पाइप-फिटिंगच्या कोणत्याही मोठ्या दुकानात मिळतात. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने इतके आहेत की हा माल कधी संपत नाही. जड होतो, पृष्ठभागावर पोपडे येतात, पण जाडी असल्यामुळे टिकतो आणि स्टेनलेसपेक्षा कमी वाढतो. स्टेनलेस करायचंच असेल तर शेड्यूल १० घे, ३०८एल ची तार वापर, आणि आतल्या बाजूने आर्गन सोडल्याशिवाय वेल्ड करू नकोस. आत हवा राहिली की मुळाशी खडीसाखरेसारखे काळे दाणे येतात. तिथे तडा तर सुरू होतोच, शिवाय एखादा दाणा सुटून टर्बाइनच्या पात्यावर बसतो. साधं लोखंड आणि स्टेनलेस जोडायचं असेल तर तार ३०९एल.

वेल्डिंगच्या वेळी फ्लँज २० मिलिमीटरच्या सपाट प्लेटवर बोल्टने कसून बांध. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सलग ओढत जाऊ नकोस. पहिल्या पोर्टला थोडं, मग तिसऱ्याला, मग दुसऱ्याला, मग चौथ्याला. पूर्ण थंड होईपर्यंत बोल्ट सोडायचे नाहीत. एवढं करूनही फ्लँज वाकतोच, म्हणून शेवटी मिलिंगवर फेस मारून घे. पोर्टच्या तोंडाशी आत शिरलेला वेल्ड ग्राइंड कर आणि मॅनिफोल्ड उलटा करून हातोडीने ठोकत, हवा मारत साफ कर. आत राहिलेला एक छर्रा नवा टर्बो दहा सेकंदांत संपवतो.

डिझेलचा टर्बो पेट्रोल इंजिनाला चालतो का, हे तू विचारलं नाहीस, पण विचारायला हवं होतंस. चालतो, मर्यादेत. डिझेलचा धूर पेट्रोलइतका गरम नसतो. पूर्ण जोरात पेट्रोलचा एक्झॉस्ट ९०० अंशांच्या वर जाऊ शकतो आणि डिझेलसाठी ओतलेलं हाउसिंग त्यासाठी बनवलेलं नसतं. तुझा साधा वेस्टगेटवाला (जास्तीचा धूर टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप असलेला) आहे, ते बरं झालं. आतली पाती फिरणारा प्रकार असता तर ती या उष्णतेत अडकली असती. लॅप थोडे ठेव, शेवटचा लॅप सावकाश काढ आणि बंद करायच्या आधी दोन मिनिटं आयडलला ठेव. वेस्टगेटच्या डबीकडे जाणारी छोटी नळी सिलिकॉनची, क्लिप लावलेली आणि टर्बाइनपासून लांब असू दे. ती जळून सुटली तर वेस्टगेट उघडतच नाही आणि बूस्ट चढत राहतो. दोन रुपयांच्या नळीपायी पिस्टन फुटलेले मी पाहिलेत.

निसटणाऱ्या पाइपाचं गणित सोपं आहे. ५० मिलिमीटरच्या पाइपाचं तोंड साधारण २० चौरस सेंटिमीटर. १० पीएसआय म्हणजे ०.७ बार. म्हणजे प्रत्येक वळणावर हवा त्या पाइपाला १४ किलोच्या जोराने बाहेर ढकलते. त्यात तुझ्या पाइपाची टोकं गुळगुळीत, आत टर्बोतून आलेलं तेल, आणि क्लँप बागेच्या नळीचा. टोकाला कडा उचललेली हवी. बीडिंग मशीन नसेल तर टोकापासून पाच-सहा मिलिमीटर आत वेल्डचा एक गोल फेरा मार, फाइलने सारखा कर. होजमध्ये घालताना टोकं तेल-ग्रीसशिवाय, स्पिरिटने पुसून घाल. क्लँप टी-बोल्टचे, आणि ते कडेच्या मागे बसव, कडेवर नाही. शिवाय पाइपाला एक-दोन ठिकाणी इंजिनावरच ब्रॅकेट दे, म्हणजे इंजिन डोललं तरी होजच्या जोडावर ओढ येणार नाही.

इथे सोलापूरचा उन्हाळा मधे येतो. मे महिन्यात ४२ अंशांची हवा टर्बोने ओढली, ०.७ बारला दाबली आणि कॉम्प्रेसर ७० टक्के कार्यक्षम धरला, तर बाहेर पडताना ती ११५ अंशांच्या आसपास असते. म्हणून प्लंबिंगचा पीव्हीसी एल्बो तात्पुरतासुद्धा नको. तो ८० अंशांना मऊ पडतो. चांगला इंटरकूलर ही हवा पासष्टच्या आसपास आणेल. तुझा इंटरकूलर भंगारातल्या डिझेल गाडीचा आहे, तर त्या गाडीचा टर्बो कसा गेला होता ते विचार. पाती तुटून गेला असेल तर धातूचे कण अजून त्या इंटरकूलरच्या जाळीत आहेत आणि धुऊन निघत नाहीत. तो वापरू नकोस.

सगळं जोडल्यावर गळती बघायची रीत: टर्बोच्या हवा ओढणाऱ्या तोंडाला लेथवर टर्न केलेलं झाकण, त्यात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह, कॉम्प्रेसरने ०.७ बार हवा, आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी. ऑइल भरायचं झाकण उघडं ठेव, नाहीतर हवा क्रँककेसमध्ये जाऊन सील उलटवते. टर्बोच्या तोंडावरचं झाकण दोरीने बांधून ठेव आणि त्याच्या समोर उभा राहू नकोस.

घरी काय करायचं नाही, तेही सांगतो. ब्रेकच्या लाइन, स्टिअरिंगचे जोड, सीट बेल्टचे आधार, इंधनाची दाबाची नळी. इंजेक्शनच्या लाइनला तीन बारच्या आसपास दाब असतो, तिथे इंजेक्शनसाठीचाच होज आणि त्याचेच क्लँप. ब्रेकचा तेलडबा टर्बोच्या बाजूला येत असेल तर मधे पत्रा घाल, पत्रा आणि मॅनिफोल्ड यांच्यात बोटभर हवा सोडून. आणि ही गाडी रस्त्यावर काढू नकोस. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली असा बदल चालत नाही, आणि अपघात झाला तर विमाही हात वर करेल. ट्रेलरवर ने.

पहिल्यांदा चालू करताना घाई करू नकोस. टर्बोच्या तेलाच्या भोकात स्वच्छ तेल ओत, चाक हाताने फिरव. इंजेक्टर आणि कॉइलचे कनेक्टर काढून, परतीची नळी सम्पपासून सोडून बाटलीत धर आणि स्टार्टर दहा-दहा सेकंद मार. बाटलीत तेल पडायला लागलं की मगच नळी जोड. गाडी सुरू झाल्यावर पाच मिनिटं नुसती बघत बस, हातात फायर एक्स्टिंग्विशर घेऊन. नवीन मॅनिफोल्डवर पहिला धूर येतो तो हाताच्या तेलाचा, तो थांबतो. थांबला नाही तर बंद कर.

सम्प काढलास की वेल्डिंगच्या आधी भोकाच्या जागेचा, आणि मार्करची रेघ दिसेल असा एक फोटो पाठव. तो बघितल्याशिवाय भोक पाडू नकोस.